कूपर्सचं घरी बिअर बनवायचं किट: घाईच्या माणसाने जरूर घ्यावं

पहिल्यांदाच घरी बिअर बनवणार असाल आणि थांबणं तुम्हाला जड जात असेल, तर कूपर्सचं २३ लिटरचं सुरुवातीचं किट घ्या. मी मेलबर्नमध्ये राहते आणि वाट बघणं मला मुळीच जमत नाही. या किटमधल्या तीन वस्तू अशा माणसासाठीच केल्यासारख्या आहेत, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पुण्या-मुंबईतून वाचणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी. ऑस्ट्रेलियात स्वतःच्या पिण्यापुरती बिअर घरी बनवायला परवानगी लागत नाही. (दारू गाळणं मात्र इथेही परवान्याशिवाय बेकायदा आहे.) महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी मद्य बनवणं हा गुन्हा आहे. तेव्हा इथल्या नातेवाइकांना "येताना एक खोकं आण" म्हणू नका.

कूपर्स ही ॲडलेडची कंपनी. थॉमस कूपर यांनी १८६२ मध्ये ती सुरू केली आणि अजूनही ती त्याच कुटुंबाकडे आहे. खोक्यात झाकणाचं मोठं भांडं, त्याला खाली तोटी, बाहेरून चिकटवायची तापमानपट्टी, हायड्रोमीटर (द्रव पाण्यापेक्षा किती जड ते दाखवणारं तरंगतं मापक), ढवळायचा मोठा चमचा, ७४० मिलीच्या ३० प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि साखरेच्या गोळ्या असतात. शिवाय लागर नावाच्या बिअर-प्रकाराचा १.७ किलोचा डबा आणि यीस्टला खाद्य पुरवणाऱ्या डेक्स्ट्रोज-माल्टोडेक्स्ट्रिनच्या भुकटीची पिशवी. डब्यात मोड आणलेल्या बार्लीचा अर्क असतो, काकवीसारखा दाट, आणि हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडू चव देणाऱ्या वेलीच्या फुलांचा, कडवटपणा त्यात आधीच उतरवलेला असतो. त्यामुळे धान्य भिजवणं, गाळणं, तासभर उकळणं यातलं काहीच आपल्याकडे उरत नाही. यीस्टची पुडी डब्याच्या प्लॅस्टिकच्या झाकणाखाली दडलेली असते, झाकण फेकून देऊ नका.

बनवणं तासाभराचं. भांडं धुऊन निर्जंतुक करायचं. घासायला तारेची घासणी नको, कारण प्लॅस्टिकवर ओरखडे पडले की त्यात जंतू घर करतात. डबा थोडा वेळ गरम पाण्यात ठेवला की अर्क सहज ओतला जातो. दोन लिटर गरम पाण्यात अर्क आणि भुकटी विरघळवायची, थंड पाण्याने २३ लिटरपर्यंत भरायचं, पट्टीवर विशीच्या आसपासचा आकडा दिसला की यीस्ट भुरभुरायचं आणि झाकण ठेवायचं. अर्क ओतताना स्वयंपाकघरभर जो वास पसरतो, तेवढ्यासाठीसुद्धा मी हे पुन्हा पुन्हा करेन.

त्यानंतर हाताला कामच उरत नाही, आणि घाईच्या माणसाचं अवघड तिथेच होतं. इथे पहिली वस्तू कामाला येते, ती म्हणजे ते भांडं. ते अर्धपारदर्शक आहे. रात्री झाकलेलं असतं नुसतं तपकिरी पाणी, आणि सकाळी त्यावर पिवळसर फेस चढू लागलेला बाहेरूनच दिसतो. भांडं मी लाँड्रीत, म्हणजे घरातल्या कपडे धुण्याच्या खोलीत, ठेवलं होतं; दात घासायच्या आधी तिथे जाऊन बघत असे. माझी आई तेव्हा कराडहून आली होती. तिने बिअर कधी तोंडाला लावली नाही, पण आंबवण्यातलं ती माझ्यापेक्षा कितीतरी जाणते. "अगं, कुरडईच्या गव्हाला असं दर तासाला कुणी उघडून बघतं का? राहू दे त्याला," म्हणाली, आणि रात्री गारठा वाढल्यावर स्वतःची गोधडी आणून भांड्याभोवती गुंडाळली. मेलबर्नची हवा दिवसात चार रूपं दाखवते. यीस्टला ती उलथापालथ सोसत नाही. तापमान १८ ते २० च्या दरम्यान टिकलं तर चव स्वच्छ येते. गोधडीने ते टिकलं.

या भांड्याला बुडबुड्यांची नळी नसते, आंबताना सुटणारा वायू झाकणाच्या कडेने निसटतो. नवख्यांना ती नळी हवीशी वाटते, कारण बुडबुडे मोजत बसता येतं. मला ती नसणं आवडलं. बुडबुडे थांबले म्हणजे आंबणं संपलं, असं नसतं. खरं काय ते हायड्रोमीटर सांगतं, आणि तीच माझी दुसरी वस्तू. साखरेचं पाणी साध्या पाण्यापेक्षा जड, अल्कोहोल हलकं. यीस्ट साखर खात जातं तसं हायड्रोमीटर खाली बुडत जातं. सुरुवातीला १.०४० च्या आसपास असलेला आकडा १.०१० च्या खाली उतरताना बघणं हा निखळ आनंद आहे. फेस खाली बसल्यावर तोटीतून नळकांडीभर काढायचं, आकडा वहीत लिहायचा, आणि काढलेलं परत आत न ओतता पिऊन बघायचं. कोमट, वायूविना, पण आदल्या वेळेपेक्षा गोडवा कमी. आपल्या घरात बिअर होते आहे, हे जिभेला तेव्हा कळतं.

आकडा सलग दोन दिवस हलला नाही, तरच बाटल्या भरा. इथे घाई अजिबात नको. साखर शिल्लक असताना भरलं तर बाटलीत दाब वाढत जातो, काचेची बाटली फुटू शकते आणि काचा लागू शकतात. हे मी अगदी कळकळीने सांगते आहे.

बाटल्या भरायच्या दिवशी घरातलं कुणीतरी मदतीला घ्या. आई धुऊन देत होती, नवरा भरत होता, मी प्रत्येकीत दोन गोळ्या टाकून झाकण पिळत होते. उरलेलं यीस्ट ही साखर खातं, वायूला बाहेर जायला वाट नसते, तो बिअरमध्येच मुरतो. आता १८ अंशांच्या वर निदान दोन आठवडे ठेवायचं. माझ्या मते सगळ्यात लांबलेले दिवस हेच. बिअर तयार आहे, डोळ्यांसमोर आहे आणि प्यायची नाही!

म्हणूनच तिसरी वस्तू, प्लॅस्टिकची बाटली. ती दाबून बघता येते. भरली त्या दिवशी मऊ लागते, मग रोज थोडी घट्ट होत जाते, आणि शेवटी अंगठा अजिबात रुतत नाही. न उघडता आत काय चाललंय ते कळतं. काचेच्या बाटल्या दिसायला देखण्या, पण पहिल्या वेळेला प्लॅस्टिकच घ्या.

माझा आणखी एक सल्ला, पुस्तिकेत नसलेला. एक बाटली आठवड्याभरातच उघडा, अगदी ठरवून. फेस भरभर विरतो, हिरव्या सफरचंदाचा कच्चा वास येतो, चव विस्कटलेली लागते. ती चव लक्षात ठेवा. महिन्याभराने दुसरी उघडली की फेस बारीक आणि टिकणारा, सफरचंद गेलेलं, कडवटपणा जागेवर. हा फरक एकदा स्वतः चाखला की उरलेल्या बाटल्यांना हात लावावासा वाटत नाही. तळाशी यीस्टचा थर बसतो, तो बिघाड नव्हे. कूपर्सची दुकानात मिळणारी ‘पेल एल’ ही बिअरही तशीच गढूळ असते आणि इथले लोक बाटली हलकेच फिरवून तो थर मिसळून पितात. मला लागर वरून अलगद ओतलेलीच आवडते, सोबत कांदा-टोमॅटो-लिंबू घातलेले शेंगदाणे.

चवीबद्दल माझं मत असं की डब्यासोबतच्या भुकटीने बिअर जरा हलकी होते. उन्हाळ्यात ती छान लागते. भरीव चव हवी असेल तर पुढच्या वेळी भुकटीऐवजी सुका माल्ट अर्क (मोड आणलेल्या बार्लीच्याच अर्काची पूड) वापरा, खर्च थोडा वाढतो, पण घोट भरल्यासारखा लागतो.

एकदा भांडं आणि बाटल्या घरात आल्या की पुढे फक्त डबा, भुकटी आणि गोळ्या आणायच्या. त्यामुळे किट घेतानाच बाटल्यांचा आणखी एक संच घ्या. पहिली खेप पिऊन होईपर्यंत दुसरी मुरत राहते. माझ्या दुसऱ्या संचात सध्या स्टाउट, म्हणजे काळी बिअर, आहे.