अंतर बरोबर, वेळेचं मात्र आपलं आपण बघा

दोन एअरपोर्टमधलं अंतर आणि फ्लाइटचा वेळ काढून देणारी एक साइट आहे, महिनाभर वापरतोय म्हणून लिहितो. नाव घेत नाही, अशा साइट ढिगाने आहेत आणि थोड्याफार फरकाने सगळ्या सारख्याच.

आधी चांगलं सांगतो. अंतर एकदम पक्कं. लंडन हीथ्रो ते न्यूयॉर्क जेएफके साधारण ५,५४० किमी, किमी नको असेल तर नॉटिकल माइलमध्ये पण देतं (१ नॉटिकल माइल म्हणजे १.८५२ किमी). नकाशावर रेघ वाकडी दिसते, आधी वाटलं बग आहे, पण पृथ्वी गोल असल्यामुळे सगळ्यात जवळचा रस्ता सपाट नकाशावर असाच कमानीसारखा दिसतो. फक्त नुसतं लंडन टाइप करू नका, मी केलं आणि अंतर आलं सातशे किमीच्या आत, मी दोन मिनिटं स्क्रीनकडे बघतच बसलो, मग कळलं की साहेबांनी कॅनडातलं लंडन पकडलंय. एलएचआर (म्हणजे हीथ्रो), जेएफके असे एअरपोर्टचे कोडच टाका.

आता वेळ. इथे सगळा आनंद आहे. अंतराला ताशी ८०० ने भागायचं, वर टेकऑफ-लँडिंगचा अर्धा तास टाकायचा, झाला हिशोब! त्यामुळे जाताना ७ तास २५ मिनिटं आणि येताना पण तेवढीच. ताई न्यूयॉर्कहून लंडनला निघाली तेव्हा मी त्या हिशोबाने फोन करणार होतो, तर तिचाच फोन आला, बॅग घेऊन बाहेर पडले म्हणून. वर जेट स्ट्रीमचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो ना, तो पाठीशी असला की विमान लवकर पोचतं, आणि उलट जाताना तेच अंतर ८ तासांच्या आसपास जातं. साइटला वारा माहीतच नाही.

हेलसिंकी-टोकियो टाकून बघा, मजा येईल. ७,८०० किमी, सव्वादहा तास म्हणे. २०२२ पासून फिनलंडच्या विमानांना रशियावरून जाता येत नाही, वळसा घालून १३ तास लागतात. म्हणजे साइट जो रस्ता दाखवते त्या रस्त्याने ते विमान जातच नाही!

मग तिकिटावरून का नाही बघत म्हणाल तर तिथे दोन्हीकडचा लोकल टाइम असतो. ताईच्या परतीच्या तिकिटावर लंडनहून सकाळी ११ ला निघून दुपारी २ ला न्यूयॉर्क, म्हणजे ३ तासात अटलांटिक पार? मधले ५ तास घड्याळाचे, ते मिळवले की ८. आणि त्यात धावपट्टीपर्यंत रांगेत सरकत जाण्याचा वेळ पण धरलेला असतो, साइटचा अर्धा तास गर्दीच्या एअरपोर्टवर कुठेच पुरत नाही.

अंतराला ५ पैकी ५, वेळेला २. जाहिराती फार आहेत, मोबाईलवर तर बटणच झाकलं जातं.