सोलापूरहून ठाणे खाडी फ्लेमिंगो सहल : जेवण चोख, वेळ चुकली

सोलापुरातल्याच एका टूरवाल्या मालकांची सहल. नाव घेत नाही, माणूस प्रेमळ आहे. सिद्धेश्वर एक्स्प्रेसची तिकिटं कन्फर्म, रात्री डब्यातच कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही. सकाळी ठाण्याहून ऐरोली. इथवर पाच तारे.

पण बोटीची वेळ मालकांनी रेल्वेच्या वेळापत्रकावरून ठरवलेली, भरती-ओहोटीवरून नाही! आम्ही बोटीत बसलो तेव्हा खाडी काठोकाठ. फ्लेमिंगोंची एक रांग तेवढी लांब आभाळात, नेरूळकडं निघालेली. बोटवाले काका म्हणाले, "पाणी भरलं की ते तिकडच्या पाणथळीवर जाऊन बसतात. चिखल उघडला की येतील." आणि चिखल पुरता उघडला की बोट रुतते. म्हणजे मधला थोडा वेळच कामाचा, तोही रोज साधारण 50 मिनिटं पुढं सरकणारा. त्यात अमावास्या-पौर्णिमेचं उधाण, म्हणजे मोठी भरती-ओहोटी, आणि अष्टमीच्या सुमाराचा भांग, म्हणजे लहान. आपल्याला सवय उजनी धरणाची. तिथं पाणी महिन्या-महिन्यानं हटतं, सकाळी गेलं काय अन् दुपारी गेलं काय. मालकांनी तोच हिशेब धरला असणार.

काकांनी मात्र पैसे वसूल करून दिले. तिवर या खारफुटीच्या झाडाचं पान चाटायला लावलं, खारट लागलं. मुळांतून आलेलं मीठ हे झाड पानांवाटे बाहेर टाकतं. या खारफुटीत कोल्हेही आहेत म्हणे. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावरचा गडी इथं चिखलात काय करतो, देव जाणे. शेवटी पाणी उतरायला लागलं आणि धाकटे रोहित, म्हणजे लेसर फ्लेमिंगो, आले. उजनीच्या थोरल्यांपेक्षा बुटके, चोच गडद लाल, डोकं उलटं करून शेवाळ गाळत चाललेले. तोवर परतायची वेळ झाली होती.

ही खाडी 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, 2022 मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीतही आली. मालकांच्या पत्रकावर एवढंच छापलंय. भरतीची वेळ नाही.

एकूण तीन तारे. पैसे भरण्याआधी विचारा, त्या दिवशी ऐरोलीला भरती किती वाजता? "बघू की" असं उत्तर आलं तर दुसरी तारीख मागा. आणि दुर्बीण स्वतःची न्या, टूरची एकच असते, ती पुढच्या बाकावरून मागं येतच नाही.