ऑपरेशननंतरचं दुखणं: नुसती औषधं की जोडीला सुयाही?

पोट उघडलं असेल तर पहिल्या दिवशी वादच नको. पॅरासिटामॉल आणि लागलंच तर मॉर्फिन. कळ पटकन आटोक्यात येते. मॉर्फिनचा त्रास नंतर सुरू होतो: मळमळ, गुंगी, बद्धकोष्ठ, सुस्तावलेली आतडी.

चीनमधल्या बऱ्याच रुग्णालयांत म्हणूनच औषधांना ॲक्युपंक्चरची, म्हणजे ठराविक बिंदूंवर सुया टोचण्याची, जोड देतात. १९७१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सचे पत्रकार जेम्स रेस्टन यांचं अपेंडिक्स पेकिंगमध्ये (आताच्या बीजिंगमध्ये) काढलं. भूल इंजेक्शनचीच होती. सुया टोचल्या त्या नंतर, पोट फुगून जीव कासावीस झाला तेव्हा, उजव्या कोपरात आणि गुडघ्यांखाली. (ऑपरेशनच सुयांवर झालं, ही लोणकढी थाप अजून फिरते.) मळमळीसाठी मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून तीन बोटं वरचा नेइग्वान बिंदू टोचतात किंवा नुसता दाबतात. त्याचा पुरावा बऱ्यापैकी आहे. वेदना कमी होण्याचा तितका भक्कम नाही.

तरी सुया जोडीला असायला माझी हरकत नाही, औषधांऐवजी मात्र नकोत. चिनी काढ्यांबाबत मी जास्त कडक आहे. दानशेन या चिनी वनौषधीचं मूळ वॉर्फरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाचा परिणाम वाढवतं आणि रक्तस्रावाचा धोका निर्माण होतो. सर्जनला विचारल्याशिवाय घोटभरही घेऊ नये.