एअरपोर्टजवळचं स्वस्त हॉटेल, एका रात्रीपुरतं ठीक
तीन रात्री राहिलो इथे, भाडं शहरातल्यापेक्षा जवळपास निम्मं दिसलं म्हणून बुक केलं. रूम खरंच छान होती, खिडकीला डबल काच त्यामुळे विमानांचा आवाज अजिबात नाही, आणि पहाटेच्या फ्लाइटवाल्यांसाठी रिसेप्शन रात्रभर चालू. पण आम्हाला शहर बघायचं होतं ना! रोज जायला पाऊण तास यायला पाऊण तास, म्हणजे तीन दिवसांत साडेचार तास नुसते ट्रेनमध्ये, आणि दुपारी जरा पाठ टेकायला रूमवर येणं तर विसराच. फ्री शटल लिहिलंय पण ती फक्त टर्मिनलपर्यंत जाते, शहरात नाही, हे बुकिंगच्या आधी नीट वाचा. रात्री शेवटची ट्रेन चुकली की टॅक्सी, वाचवलेले पैसे तिथेच जातात, आमचे गेले. आणि नारितासारखं एअरपोर्ट असेल, टोकियोच्या मध्यापासून साधारण 60 किलोमीटर, तर फिरण्यासाठी तिथे राहूच नका. मी आता मध्यवस्तीत छोटी का होईना रूम घेते, स्टेशनपासून चालत जाता येईल अशी, आणि सकाळी 6 ची फ्लाइट असेल तर फक्त शेवटची रात्र एअरपोर्टजवळ. तेवढ्यासाठी 5 पैकी 4, शहर फिरायला आलात तर 2.