एंजल की खमरा? साताऱ्याच्या हवेत कोणतं गोड परफ्यूम घ्यावं

गोड परफ्यूम घ्यायचं ठरलंय आणि एंजल की खमरा इथं गाडी अडली असेल, तर आधी हवेचा विचार करा. एप्रिलच्या दुपारी पोवई नाक्यावर जो गोडवा डोक्यात जातो, तोच पावसाळ्यात कासच्या धुक्यात हवाहवासा वाटतो.

म्युग्लरचं एंजल १९९२ चं. आज ज्याला गूरमाँ, म्हणजे खाऊच्या वासाचं परफ्यूम म्हणतात, त्याची लाट इथून उसळली. ते बनवणाऱ्या ऑलिव्हिए क्रेस्प यांनी त्यात एथिल माल्टॉल सढळ हातानं वापरलं. बुढ्ढी के बालसारखा, साखर तापल्याचा वास या द्रव्याचाच. नुसतं तेवढंच असतं तर तासाभरात वीट आला असता. पण त्याच्यासमोर पॅचौली, म्हणजे आपली पाच, दणकून उभी केलीय: मातकट, कडवट, किंचित कापरासारखी. सुरुवातीला दोघांची चांगलीच जुंपते. काहींना हा भाग अजिबात सोसत नाही. थोडा दम धरलात तर मात्र खाली कोरड्या चॉकलेटसारखा वास उरतो, आणि ओढणीला तो दुसऱ्या दिवशीही येतो. मला एंजल आवडतं ते या कडवटपणामुळे.

लताफा या दुबईच्या कंपनीचं खमरा २०२२ चं. दालचिनी, जायफळ, खजूर, प्रालिन (साखरेच्या पाकातल्या सुक्यामेव्याची मिठाई), व्हॅनिला. इथं भांडण नाही, सगळे एकाच पंगतीचे. कंदी पेढ्यासाठी खवा तांबूस होईस्तोवर परततात तेव्हा सुटतो ना, तसा खरपूस, उबदार दरवळ. डिसेंबरच्या लग्नात, रेशमी साडीवर किंवा जाकिटावर फार शोभतं. किंमतही एंजलपेक्षा बरीच कमी. उन्हात मात्र ते पाकासारखं चिकट होतं, कारण गोडवा अडवणारं त्यात फारसं काही नाही.

ऑफिसला किंवा भरलेल्या एसटीत जायचं असेल तर दोन्हींचा एकच फवारा, तोही कपड्याआड. तेवढंही जड वाटलं तर लँकोमचं ला व्ही ए बेल बघा; आयरिस या फुलझाडाच्या वासामुळे ते पावडरी आणि सौम्य लागतं.

दुकानात कागदी पट्टीवर हुंगून पैसे देऊ नका. एक या मनगटावर, दुसरं त्या मनगटावर मारा, उन्हातून राजवाड्यापर्यंत चालत जा, दोन तासांनी पुन्हा हुंगा. वर्षभरासाठी एकच बाटली घ्यायची असेल तर मी एंजल म्हणेन. फक्त थंडी आणि समारंभांपुरती हवी असेल, तर खमरा घ्या आणि उरलेल्या पैशांची साडी.