मंगेशी की तांबडी सुर्ला? जुना देव बघायचा की जुनं देऊळ, ते आधी ठरवा

गोव्यात देवदर्शनाला एकच दिवस हाताशी असेल, तर फोंडा आणि तांबडी सुर्ला दोन्ही उरकायचा हट्ट धरू नका. जमत नाही असं नाही, पण निम्मा दिवस गाडीत जातो.

फोंड्याकडे देव जुने, देवळं मागाहूनची. पोर्तुगीज अमलात देवळं पाडली जाऊ लागली तेव्हा १५६० मध्ये मंगेश कुठ्ठाळीहून जुवारी नदीपलीकडे प्रियोळात, म्हणजे आजच्या मंगेशीला आला. म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. आज दिसणारे घुमट, कमानी, झुंबरं हे सगळं नंतरचं. कवळ्याचं देऊळ शाहू महाराजांच्या काळातलं, १७३८ च्या सुमाराचं. पण इथं देव नांदता आहे. अभिषेक, आरत्या, दारात फुलंवाल्या, सोमवारी मंगेशाची पालखी. सोमवारी गर्दी असते, तरी पालखीसाठी मी सोमवारच निवडेन. पणजीहून मंगेशी वीसेक किलोमीटर, फोंड्याच्या बसेस त्याच वाटेनं जातात. म्हार्दोळ तिथून हाकेच्या अंतरावर. आईवडील बरोबर असतील, कुळदेवाची ओटी भरायची असेल, तर पुढं वाचायचीही गरज नाही. हाफपँट मात्र हॉटेलातच ठेवा.

तांबडी सुर्ल्याचा महादेव नेमका उलटा. इथं देऊळच जुनं, गोव्यावर राज्य करणाऱ्या कदंब राजांच्या काळातलं, बाराव्या-तेराव्या शतकातलं. गोव्यात जांभा पैशाला पासरी, पण हे उभं आहे काळ्या बेसॉल्टमध्ये, चुन्याशिवाय, दगडावर दगड बसवून. मोलेच्या रानात अनमोड घाटाच्या पायथ्याशी आडबाजूला असल्यामुळे वाचलं, असं मानतात. आकारानं लहानच आहे. पहिल्या नजरेत ‘एवढंच?’ वाटेल. आत जा. मंडपात मधोमध शीर नसलेला नंदी बसलाय. खांबांच्या तळाशी वाकून बघा, एका खांबावर हत्ती घोड्याला तुडवतोय. मग मान वर करा, छतावर दगडात उमललेलं कमळ आहे. मोबाईल खिशात ठेवून पंधरा मिनिटं तरी द्या.

महाशिवरात्र सोडली तर इथं शांतता. पणजीहून साठ-पासष्ट किलोमीटर, स्वतःची गाडी हवीच. जेवणाची सोय आधीच बघा. पावसाळ्यात रान देखणं असतं, पण दगड निसरडे आणि जळवा हमखास, म्हणून गुडघेदुखीवाल्यांना तेव्हा नेऊ नका.

महाराष्ट्रातून येणाऱ्यांसाठी तिसरा पर्यायही आहे, आणि त्यांच्या यादीत तो सहसा नसतो: नार्व्याचा सप्तकोटेश्वर. कदंबांचं हे कुळदैवत मूळचं दिवाडी बेटावरचं. देऊळ पाडलं गेल्यावर ते नदीपलीकडे नार्व्याला आलं आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. दारावर त्याचा शिलालेख आहे. अर्धा दिवस पुरतो. जुन्या गोव्याहून फेरीबोटीनं दिवाडीला उतरा, बेट पार करून दुसऱ्या फेरीनं नार्व्याला जा.