गाडीच्या आतलं प्लास्टिक गुळगुळीत करून देतो म्हणे

आधीच सांगून टाकतो, रक्कम काही लाखात नाही. साडेसोळा हजार ठरले होते, त्यातले तेरा माझ्या खिशातून गेले. पण त्यात एअरबॅगचं जे निघालं ना, ते वाचून तरी नागपुरातल्या कोणी गाडीवाल्यानं आतलं प्लास्टिक रंगवायला द्यायच्या आधी दोन दिवस थांबावं, एवढ्यासाठी टाईप करून राहिलो.

गाडी माझी २०१६ ची हॅचबॅक, सेकंड हँड घेतलेली, टॉप मॉडेल म्हणून समोर दोन एअरबॅग. इंजिन ठणठणीत, आतलं प्लास्टिक मात्र पार गेलेलं. आधीच्या मालकाकडं बहुतेक कुत्रं असावं, दारांना आतून नखांचे ओरखडे, आणि ते दाणेदार प्लास्टिक असते ना, त्या दाण्यांत मळ असा बसलेला की जुना टूथब्रश घेऊन रविवारचे दोन तास घासलं तरी वाळलं की परत पांढुरकं दिसायचं. मग मी दर महिन्याला डॅशबोर्ड पॉलिश मारायचो, चार दिवस चकाचक, पाचव्या दिवशी धूळ चिकटलेली. (हे पॉलिश लक्षात ठेवा, पुढं येते.)

तर फोनवर एका दुकानाच्या रील दिसायला लागल्या. दाणेदार पॅनल घासून एकदम काचेसारखं गुळगुळीत, वरून पियानो ब्लॅक, मागं गाणं. दुकान रिंग रोडच्या बाजूचं, याहून जास्त सांगत नाही. गेलो. पंचविशीतला पोरगा, बोलायला साखर. "सरजी टेन्शनच नका घेऊ, टू-के पीयू मारतो आपण, हार्डनरवालं, कंपनीत मारतात तेच, पाच वर्षं हात नाही लावावं लागणार." (टू-के पीयू म्हणजे रंगात वेगळं हार्डनर मिसळून मारायचा पॉलियुरेथेन रंग.) मी विचारलं दाणे कसे घालवता, तर म्हणे घासून, मग फिलर प्रायमर, मग परत घासून, मग कलर, मग क्लिअर म्हणजे वरचा पारदर्शक थर. ऐकायला बरोबर वाटलं, आणि खरं म्हणजे पद्धत बरोबरच सांगितली होती त्यानं, तिथंच तर मी फसलो. माणसाला काम माहीत आहे म्हणजे तो ते करणार, असं आपण धरून चालतो.

चार दारांचे ट्रिम (दाराचं आतलं प्लास्टिक पॅनल), मधला कन्सोल, ग्लोव्ह बॉक्स आणि डॅशचा वरचा भाग, सगळे मिळून साडेसोळा. नऊ हजार ॲडव्हान्स, तीन दिवसात गाडी. बिल मागितलं तर "सरजी बिल पाहिजे तर अठरा टक्के वर लागतील". मी हुशार, म्हणलं राहू दे. त्या वाक्यानं माझे किती वाचले ते तुम्हीच मोजा.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गेलो तर काय सांगू, ट्यूबलाइटखाली गाडी उभी, आत पाहिलं तर दारात माझं तोंड दिसे! रंगाचा वास इतका ताजा की डोळ्यात पाणी. पोरानं आपल्या फोनवर व्हिडिओ काढला, मी पण काढला, बाकीच्यातले सात हजार दिले, पाचशे राहिले होते ते "राहू द्या सरजी, घरचेच आहात" म्हणाला. घरी जाताना मीठा नीमवरून सोनपापडी घेतली, आता हसू येते.

पहिला खटका दुसऱ्याच दिवशी लागला, वर्धा रोडवर दुपारी. डॅशचा वरचा भाग चकचकीत झालेला, त्याचं प्रतिबिंब पूर्ण समोरच्या काचेत. विमानतळाकडं जाताना पुढचा ट्रक दिसायच्या ऐवजी मला माझा टेकडी गणपती दिसून राहिला होता, जो डॅशवर चिकटवलाय. तेव्हा डोक्यात आलं की कंपनीवाले ते दाणे उगाच देत नाहीत, उन्हाची चमक मोडावी आणि ओरखडे लपावे म्हणून देतात. पण एवढे पैसे घातल्यावर कोणी कबूल करते का, मी गॉगल घेतला.

मार्च निघाला. एप्रिलमध्ये ऑफिसच्या बाहेर सिव्हिल लाइन्सला गाडी दिवसभर उन्हात, आणि आपल्याकडं एप्रिल म्हणजे काय ते सांगायला नको. एक दिवस फोन कन्सोलवर ठेवला होता, उचलला तर कव्हरच्या आकाराचा काळा रंग कव्हरसोबत वर आला. खाली तेच जुनं करडं प्लास्टिक, दाण्यांसकट! म्हणजे दाणे गेलेच नव्हते, ते फक्त बुजवले होते. मग पोरीला तो छंदच लागला, मागच्या सीटवर बसून नखानं दाराचा पापुद्रा सोलायचा, मी रागावलो की थांबायची आणि परत सुरू. मक्याच्या कणसाची साल निघावी तसा निघत होता, एका हाताला अख्खी पट्टी. आणि जिथं निघाला नव्हता तिथं बारीक बारीक खड्डे, मधात टिंब असलेले, माशाच्या डोळ्यासारखे.

पोराला फोन केला. आधी "उन्हात लावू नका ना सरजी". नागपुरात गाडी उन्हात लावू नका! मग "तुम्ही काही केमिकल लावलं असेल". मग "आणा, टचअप करून देतो". नेली, तर दोन तासात त्यावरच अजून एक हात मारला, आठ दिवसात तोही उठला. मग फोन उचलणं बंद.

कामठी रोडवर एक जुने पेंटर काका आहेत, ॲम्बॅसिडरच्या जमान्यापासून गाड्यांना ड्युको रंग मारतात, एका मित्रानं त्यांच्याकडं पाठवलं. त्यांनी रंगाकडं पाहिलंच नाही. सरळ ग्लोव्ह बॉक्सचं झाकण काढलं, पालथं केलं आणि आतल्या बाजूला बोट ठेवलं. दोन टोकदार कंसात बारीक अक्षरात पीपी लिहिलेलं. "हे पाहा भाऊ, हा पॉलिप्रोपिलिन. याले कायबी धरत नाही. पाणी टाका, थेंबाचे थेंब होऊन पळते, तर रंग कसा धरंल?" याच्यासाठी आधी अ‍ॅडहेजन प्रमोटर म्हणून एक पातळ कोट मारावा लागतो, त्याच्यावर प्रायमर, नाहीतर वर किती भारी रंग मारा, तो नुसता वर बसलेला असतो, पकडलेला नसतो. एबीएस (दुसऱ्या जातीचं प्लास्टिक) लिहिलेलं असलं तर काम सोपं, त्याला रंग बऱ्यापैकी धरतो. म्हणजे कुठलं प्लास्टिक आहे हे वाचल्याशिवाय काम सुरूच करता येत नाही, आणि वाचायचं तर पॅनल खोलावं लागते. माझे दारांचे ट्रिम त्या पोरानं खोललेच नव्हते, काचेला पेपर चिकटवून जागच्या जागी मारले होते. हँडलच्या मागं पाहिलं तर रंगाची रेघ तिथंच थांबलेली. एक ट्रिम खोलायचा प्रयत्न केलेला दिसला, त्याच्या दोन क्लिपा तुटलेल्या आणि फेविक्विकनं चिकटवलेल्या. तरीच ते दार खड्ड्यात वाजत होतं.

मग काकांनी कापसाचा बोळा घेतला, थिनरमध्ये बुडवला आणि झाकणाच्या कोपऱ्यावर दहा-बारा वेळा फिरवला. बोळा काळाकुट्ट. ते काही बोलले नाहीत, नुसता बोळा माझ्या हातात दिला. मला कळेना. मग म्हणाले, हार्डनरवाला टू-के रंग एकदा पक्का झाला की थिनरनं असा सुटत नाही, हा साधा स्प्रे कॅनचा रंग हाय, सुटला म्हणजे हार्डनर नव्हतंच. (हे घरी एबीएसवर करू नका, थिनर एबीएसलाच खातो.) तेव्हा मला आठवलं, दुकानाच्या मागं ड्रममध्ये रिकाम्या कॅनचा ढीग पाहिला होता मी, आणि मला वाटलं होतं की केवढं काम चालते याच्याकडं!

दाणे कसे बुजवले तेही निघालं. साधी पत्र्याची लांबी भरली होती, डेंट भरायची. ती कडक, प्लास्टिक लवते, दार आपटलं की लांबी तडकते. प्लास्टिकसाठी लवचीक लांबी वेगळी मिळते. आणि पीपी नुसतं जोरात घासलं तर गुळगुळीत होतच नाही, उलट त्याचे केस निघतात, काकांनी ऐंशी नंबरचा पेपर मारून दाखवलं तर खरंच ब्लँकेटसारखी लव उभी राहिली. म्हणून आधी हळू घासायचं, मग प्रमोटर, मग जाड फिलर प्रायमरचे दोन-तीन कोट, वाळू द्यायचं, चारशेनं, मग सहाशेनं पाण्यात घासायचं, खोलगट राहिलं तिथं परत. दिवस जातात त्यात. तीन दिवसात सात पॅनल होतच नाहीत, हे मला तेव्हाच समजायला पाहिजे होतं. आणि ते माशाचे डोळे म्हणजे माझं पॉलिश, त्यातलं सिलिकॉन. रंगाच्या आधी साबणानं आणि मग ग्रीस काढायच्या लिक्विडनं धुतलं नाही तर रंग तिथून पळतो. म्हणजे पोरानं धुतलं पण नव्हतं.

इथपर्यंत राग होता. पुढचं वाचा.

काका डॅशवर हात फिरवत होते, सोबतच्या सीटसमोर आले आणि थांबले. तिथं एसआरएस एअरबॅग असं कोरलेलं असते, भोवती एक बारीक फट असते, त्या फटीतूनच झाकण उघडून बॅग बाहेर येते. ती फट नव्हती. अक्षरंही नव्हती. सगळं लांबीनं भरून, घासून, वर रंग. इतकं सफाईदार की हातालाही लागत नव्हतं, अख्ख्या गाडीत एवढंच काम त्यानं मन लावून केलं होतं. डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगणारी ती बॅग, तिच्या तोंडावर कडक लांबीचा थर, एकतर झाकण नीट उघडायचं नाही किंवा त्याचे तुकडे बॅगेसोबत समोरच्याच्या तोंडावर. समोर कोण बसते? माझी बायको, कधी मांडीवर पोरगी (ते चुकीचंच आहे, माहीत आहे, आता बंद केलं). काकांनी हात मागं घेतला, "याले मी हात लावत नाही भाऊ, सर्व्हिस सेंटरले जा." तिथं सांगितलं की खरवडून वापरू नका, ते झाकण बदलावंच लागेल. पार्ट मागवलाय, आकडा लिहायची हिंमत नाही. तोवर बायको मागं बसते आणि सोसायटीतले लोक विचारतात, भांडण झालं काय?

दुकानात परत गेलो, ग्लोव्ह बॉक्सचं ते झाकण आणि काळा बोळा घेऊन. पोरानं तीन हजार दिले, म्हणे माणुसकी म्हणून. एअरबॅगचं दाखवलं तर म्हणे "सरजी ती कधी फुटणार आहे?" राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार केली, घेतली त्यांनी, पण पहिला प्रश्न बिलाचा. माझ्याकडं यूपीआयचे दोन स्क्रीनशॉट आणि व्हॉट्सॲपवरचा त्याचा मेसेज, "टू-के पीयू 5 इयर गॅरंटी". तो मेसेज डिलीट नाही केला ही एकच अक्कल. जिल्हा ग्राहक आयोगात जायचं ठरलं तर तेवढ्यावरच जाईन, पाच लाखांच्या आतल्या मामल्याला तिथं फी लागत नाही.

तुम्हाला करायचंच असेल तर दुकानदाराला नवी झालेली गाडी दाखवू नका म्हणा, एक उन्हाळा काढलेली दाखव म्हणा. ओला रंग सगळ्यांचाच चमकतो. आणि आधी एकच छोटा तुकडा द्या, आरशाच्या बटनाची पट्टी किंवा असंच काही, आठ दिवस उन्हात ठेवा, मग ब्लेडनं बारीक चौकटी पाडून चिकटपट्टी दाबा आणि ओढा, चौकोन पट्टीसोबत आले तर पैसे तिथंच थांबवा. डॅशचा वरचा भाग आणि एअरबॅगची जागा तर फुकट करून देतो म्हणाला तरी देऊ नका.

मी हे सगळं गिळून बसलो होतो. पण परवा रात्री भाच्यानं एक रील पाठवली, मामा हे मस्त आहे, तुझ्या गाडीचं इथं करून घे म्हणून. ट्यूबलाइटखाली चमकणारा डॅश, मागं तेच गाणं, आणि कोपऱ्यात टेकडी गणपती, ज्याचा डावा कान माझ्या पोरीनं मागच्या दिवाळीत तोडलाय. खाली लोक रेट विचारून राहिले होते. मी लिहिलं, ही गाडी माझी आहे, आज येऊन पाहा. पाच मिनिटांत ब्लॉक.